ओम उतरला, पण आवाज किती चढला?

शहापूर किंवा मुरबाडच्या बाजारात गाडीला साउंड बसवणाऱ्या दुकानात थोडा वेळ बसलं, की एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘दादा, एक ओमवर उतरवतो, मग बघा बेस.’ समोर पिकअप असो, ईको असो की वरातीसाठी सजवायला आणलेली जुनी जीप, उपाय तोच. वूफरच्या वायरी वेगळ्या पद्धतीने जोडायच्या, अॅम्प्लीला कमी ओमचा भार दाखवायचा आणि त्याच डब्यातून जास्त वॅट काढायचे. यात खोटं काही नाही. पण हा उपाय ज्या खात्रीने सांगितला जातो आणि त्यापायी गिऱ्हाइकाचा जितका खिसा रिकामा होतो, त्या मानाने कानाला पडणारा फरक फार लहान असतो. आणि तो लहान फरकसुद्धा बऱ्याचदा बॅटरीपासून अॅम्प्लीपर्यंतच्या वाटेत गळून जातो. या प्रश्नावर कारागीर काय म्हणतात, कंपन्या काय छापतात, भौतिकशास्त्र काय सांगतं आणि आपल्या भागातल्या गाड्यांत प्रत्यक्ष काय घडतं, हे सगळं एकत्र मांडून पाहायला हवं.

या दोन तालुक्यांत हा प्रश्न हौसेपुरता नाही. मुरबाडला रेल्वे नाही. कल्याण–मुरबाड–माळशेज रस्ता आणि त्याला फुटणारे सरळगाव, टोकावडे, धसई, म्हसा हे फाटे, एवढ्यावरच माणसांची आणि मालाची ये-जा चालते. शहापूरला वासिंदपासून कसाऱ्यापर्यंत स्टेशनं आहेत, पण स्टेशनावर उतरून किन्हवलीला, डोळखांबला, शेणव्याला जायचं तर गाडीच पाहिजे. ज्याची गाडी तो दिवसभर तिच्यातच असतो. भाडं नसेल तेव्हा तीच गाडी हळदीला, वरातीला, गणपतीला साउंडसकट उभी राहते. साउंड हा तिच्या कमाईचा भाग आहे, म्हणून त्यावर घातलेला पैसा योग्य जागी जातो का, हे विचारायलाच हवं.

आधी कारागिराची बाजू, कारण ती मुळात बरोबर आहे. अॅम्प्ली हा व्होल्टेज देणारा डबा आहे. तो जास्तीत जास्त ४० व्होल्ट देऊ शकतो असं धरू. ४ ओमच्या वूफरवर त्यातून १० अॅम्पिअर करंट जातो आणि ४०० वॅट मिळतात. भार १ ओमचा केला तर तेच ४० व्होल्ट ४० अॅम्पिअर ओढतील आणि हिशेबाने १६०० वॅट मिळतील. हा झाला ओहमचा १८२७चा नियम. प्रत्यक्षात डब्यातला वीजपुरवठा आणि त्यातले ट्रान्झिस्टर एवढा करंट पेलत नाहीत, म्हणून कागदावर ४ ओमला ४००, २ ओमला ६५० आणि १ ओमला १००० अशा धर्तीचे आकडे दिसतात. चौपट नाही, अडीच पट. तरी अडीच पट वॅट म्हटलं की कुणालाही आवाज अडीच पट वाढणार असंच वाटतं.

तसं होत नाही. वॅट दुप्पट झाले की आवाज ३ डेसिबलने वाढतो. ४००चे १००० झाले म्हणजे ४ डेसिबल. मधल्या पट्टीतल्या आवाजाला, माणसाच्या बोलण्याला वगैरे, ‘दुप्पट मोठा’ वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. खोल बेसच्या बाबतीत कान जरा उदार आहे. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३मध्ये कानाच्या संवेदनेचे जे आलेख काढले आणि नंतर ज्यांचं प्रमाणीकरण झालं, त्यात खालच्या पट्टीतल्या रेषा एकमेकींच्या जवळ आलेल्या दिसतात. म्हणजे ३०–५० हर्ट्झवर दुप्पट वाटायला पाच-सहा डेसिबल पुरतात. म्हणून कारागीर फरक दाखवतो तेव्हा तो खरंच ऐकू येतो. पण अडीच पट वॅट देऊनही बेस दुप्पट झाल्यासारखा वाटत नाही, हेही तितकंच खरं.

जोडणीचं गणित थोडक्यात. बाजारातल्या बऱ्याच १२ इंची वूफरांना दोन कॉइल असतात. ४+४ ओमचा असेल तर सिरीजमध्ये ८, पॅरलल केला तर २. २+२चा असेल तर ४ किंवा १. असे दोन ४+४चे वूफर घेतले, तर एकेकाच्या कॉइल सिरीज करून मग दोघांना पॅरलल जोडलं की ४ ओम, आणि चारही कॉइल पॅरलल केल्या की १ ओम. दोन २+२चे सगळे पॅरलल केले तर अर्धा ओम, आणि तिथे बहुतेक अॅम्प्लीवर प्रोटेक्टचा लाल दिवा लागतो, किंवा लागायच्या आत जळका वास येतो. ब्रिज केलेल्या, म्हणजे दोन्ही चॅनल एकाच भाराला जोडलेल्या, दोन चॅनलच्या अॅम्प्लीत अजून एक खाच आहे. ब्रिजवर ४ ओम लावले की आतल्या प्रत्येक चॅनलला २ ओमच दिसतात. डब्यावर ‘२ ओम’ वाचून ब्रिजवर २ ओम लावणारा त्या चॅनलला १ ओमवर ढकलत असतो. जुने एबी क्लासचे किती अॅम्प्ली या एका गैरसमजापायी गेले असतील!

आता ज्या गोष्टीकडे दुकानात क्वचितच कुणी पाहतं तिच्याकडे येऊ. वूफरवर छापलेले ४ ओम ही स्थिर संख्या नाही. मल्टिमीटरची टोकं कॉइलला लावली की आकडा साधारण ३.४ किंवा ३.५ येतो. तो तांब्याचा नुसता रोध. गाणं सुरू झालं की कॉइल चुंबकात हालते, हालताना स्वतःच उलटं व्होल्टेज निर्माण करते, आणि विरोध प्रत्येक सुराला बदलत राहतो. या बदलत्या विरोधाला ऑलिव्हर हेविसाइडने १८८६मध्ये इंपिडन्स हे नाव दिलं. बंद पेटीतल्या वूफरचा इंपिडन्स त्याच्या स्वाभाविक कंपनाच्या जागी २५–३० ओमपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे चार कॉइल पॅरलल करून केलेला ‘१ ओम’ त्या सुराला सहा-सात ओम झालेला असतो. तिथे अॅम्प्लीतून १००० वॅट निघतच नाहीत. निघायची गरजही नसते, कारण त्या सुराला वूफरचा कोन, म्हणजे पडदा, थोड्या करंटवर मोकळा हालतो. भोक ठेवलेल्या पेटीत चित्र वेगळं. ती पेटी ज्या सुराला जुळवलेली असते, समजा ३५ हर्ट्झ, तिथे इंपिडन्स खाली येऊन जवळजवळ मल्टिमीटरच्या आकड्याला टेकतो. सगळ्यात जास्त करंट तिथेच लागतो आणि डीजे रिमिक्समधला लांबवलेला बेसही बहुधा त्याच टापूत असतो. म्हणून एकच अॅम्प्ली एका पेटीवर वर्षानुवर्षं चालतो आणि दुसऱ्या पेटीवर त्याच ‘१ ओम’ला तापून बंद पडतो.

त्यात कॉइल तापते. तांबं १५० अंशांनी तापलं की त्याचा रोध जवळपास ६० टक्के वाढतो. साडेतीन ओमची कॉइल साडेपाचावर जाते आणि तेवढ्याच व्होल्टेजला वॅट घटून दोन डेसिबल जातात. रात्री नऊला जो बेस छातीत बसत होता, तो साडेनऊला पोचट वाटतो. मग कुणीतरी गेन वाढवतं, लहरीचे माथे कापले जातात, कॉइल आणखी तापते आणि सकाळी वूफर घासल्यासारखा आवाज करतो. दोष ‘माल डुप्लिकेट होता’ म्हणून दुकानदारावर जातो.

आता वीजपुरवठा. माझ्या मते आपल्या भागात हा प्रश्न इथेच निकालात निघतो. १००० वॅट बाहेर काढायचे आणि डी क्लासचा अॅम्प्ली ८० टक्के कार्यक्षम धरला, तर आत १२५० वॅट जायला हवेत. १३.८ व्होल्टला हे ९० अॅम्पिअर झाले. १ ओमवर ही कार्यक्षमता घसरते, कारण आतल्या ट्रान्झिस्टरांतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते: करंट चौपट झाला तर तेवढ्याच रोधावर उष्णता सोळा पट. म्हणजे प्रत्यक्षात १०० अॅम्पिअर धरावेत. संगीत सतत पूर्ण जोरात नसतं, सरासरी कमी असते, पण ठोक्याच्या क्षणी मागणी एवढीच. छोट्या गाड्यांचे अल्टरनेटर साधारण ६० ते ९० अॅम्पिअरचे असतात, तेही इंजिन पळत असताना. इंजिन मंद सोडलं की त्यातले निम्मेही मिळतीलच असं नाही, आणि त्यातूनच लाइट, वायपर, पंखाही चालायचा असतो.

हळदीच्या अंगणात गाडी तासन्‌तास उभी असते. डिझेल वाचवायला इंजिन बंद केलं की सगळा भार बॅटरीवर. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते आणि १०० अॅम्पिअर ओढले की बाराच्या खाली येते. बहुतेक स्वस्त अॅम्प्लींचा आतला पुरवठा नियंत्रित नसतो, बाहेरचं व्होल्टेज पडलं की आतलंही पडतं, आणि वॅट व्होल्टेजच्या वर्गाने घटतात. १४.४ला १००० वॅट देणारा डबा ११.८ला ६७० देतो. चार डेसिबलच्या कमाईतले पावणेदोन इथेच गेले. ४ ओमवर करंट तिसऱ्या हिश्शाच्या आसपास असतो, त्यामुळे घसरणही बेताची होते. ज्यांच्या पाड्यावर विजेची लाइन संपते त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. आधीच्या वस्तीतले पंप सुरू झाले की आपला दिवा मंदावतो, तेच इथे गाडीच्या आत घडतं.

याची खूण बाहेरूनही दिसते. बेसच्या प्रत्येक ठोक्याला हेडलाइटचा उजेड लवतो. अंगणात ते पोरांना आवडतं. पण माळशेजच्या धुक्यात किंवा कसारा घाटात पावसात हाच उजेड लवत असेल तर तो धोका आहे, आणि तसं दिसलं तर आवाज तिथल्या तिथे खाली आणलाच पाहिजे.

बॅटरी आणि अॅम्प्लीमधली वायर हा याच साखळीचा दुसरा दुवा. पिकअपमध्ये बॅटरीपासून सीटच्या मागे पोचायला वळणं धरून पाच मीटर तार लागते. ८ चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची तार घेतली तर ९० अॅम्पिअरला जवळपास एक व्होल्ट तिच्यातच खर्ची पडतो. ‘किट’ म्हणून पाकिटात मिळणारी वायर बऱ्याचदा वरून तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची असते. तेवढ्याच जाडीला तिच्यात दीड व्होल्ट जातो. २५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत मात्र व्होल्टच्या तिसऱ्या हिश्शावर भागतं. चाकूने टोक खरवडून पाहावं: आत पांढरी चमक दिसली तर ते तांबं नव्हे. वेल्डिंगच्या दुकानात मिळणारी तांब्याची केबल कित्येकदा या पाकिटापेक्षा भरवशाची निघते. बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज मात्र हवाच. नाहीतर कुठे पत्र्याला घासून वायर उघडी पडली तर गाडीच पेटते.

परतीचा मार्ग म्हणजे अर्थ. तो सगळ्यात दुर्लक्षित. सीटखाली जो पहिला स्क्रू दिसेल त्याला काळी वायर गुंडाळून काम संपवलं जातं. त्या स्क्रूखाली रंग असतो, रंगाखाली प्रायमर. या तालुक्यांत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. ओले पाय, ओली ताडपत्री, कापडाखाली साठलेलं पाणी. एका पावसाळ्यानंतर तो स्क्रू काढून पाहिला तर लगखाली तपकिरी गंजाचं कडं दिसतं आणि तांब्यावर हिरवट पूड. अशा जोडात ०.०१ ओम जरी रोध आला, तरी ९० अॅम्पिअरला ०.९ व्होल्ट गेले आणि ८१ वॅटची उष्णता त्या एका टिंबात साठली. गाणं थांबल्यावर हात लावला तर चटका बसतो. रंग खरवडून पत्रा चकचकीत करायचा, जाड रिंग लग दाबून बसवायचा, नट-बोल्टने आवळायचा आणि वरून ग्रीस. हे तासाभराचं काम ओम उतरवण्यापेक्षा जास्त आवाज परत मिळवून देऊ शकतं, असं मी ठामपणे म्हणेन.

अॅम्प्लीपासून वूफरपर्यंतच्या वायरीचा परिणाम त्या मानाने लहान आहे, पण तोही कमी ओमवरच डोकं वर काढतो. दीड चौरस मिलिमीटरची वायर तीन मीटर लांब असेल, तर येऊन-जाऊन तिचा रोध सुमारे ०.०७ ओम. ४ ओमच्या भाराला पोचणारी शक्ती त्यामुळे साडेतीन टक्के घटते, १ ओमच्या भाराला साडेबारा टक्के. ४ चौरस मिलिमीटरची तार टाकली की हा विषय संपतो.

जोडणीतली एक चूक मात्र या सगळ्या हिशेबावर पाणी फिरवते: दोन वूफरपैकी एकाचा प्लस-मायनस उलटा लागणं. एक कोन बाहेर येत असताना दुसरा आत जातो आणि बेस जवळजवळ नाहीसा होतो. मग ‘ओम जास्त पडतोय’ म्हणून पुन्हा वायरी बदलल्या जातात. तपासायला घड्याळातला दीड व्होल्टचा सेल पुरतो. सेलचा प्लस वूफरच्या प्लसला टेकवला की कोन किंचित बाहेर यायला हवा. प्रत्येक कॉइलवर, प्रत्येक वूफरवर. मिनिटभराचं काम आहे.

डब्यावरच्या आकड्यांबद्दल थोडं. ‘३००० वॅट मॅक्स’ या छपाईला काही अर्थ नाही. अमेरिकेत २००३मध्ये सीईए-२००६ नावाचं प्रमाण आलं: १४.४ व्होल्ट, ४ ओम, विकृती एक टक्क्याच्या आत, आणि या अटींवर मिळतील ते खरे वॅट. ते लिहिलेलं नसेल तर अॅम्प्लीच्या बाजूचे फ्यूज पाहावेत. ३० अॅम्पिअरचे दोन असतील तर ६० गुणिले १३.८ म्हणजे आत सव्वाआठशे वॅट, आणि बाहेर फार तर साडेसहाशे. कोणत्याही ओमवर तो डबा सतत याहून जास्त देऊ शकत नाही.

आता पेटी आणि गाडीचा आकार. इथे जे डेसिबल मिळतात किंवा जातात, त्यापुढे ओमची चर्चा फिकी पडते. वूफरची संवेदनशीलता ८६ डेसिबलऐवजी ८९ असेल तर ते वॅट दुप्पट करण्याइतकंच आहे, आणि त्याला एक अॅम्पिअरही जास्त लागत नाही. एकाऐवजी दोन वूफर, तेवढेच एकूण वॅट वाटून दिले, तरी खालच्या सुरांत सुमारे ३ डेसिबल वाढतात. हॉफमनचा जुना नियम सांगतो की लहान पेटी, खोल बेस आणि मोठा आवाज या तिन्हींपैकी दोनच एका वेळी मिळतात. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थीलने १९६१मध्ये आणि पुढे रिचर्ड स्मॉलने पेटी व वूफरचं नातं आकड्यांत बसवलं. आज कुठल्याही चांगल्या वूफरसोबत ते आकडे छापून येतात. ते पाहून पेटी करणारा सुतार आपल्याकडे विरळा. तयार बेस ट्यूब किंवा मापाने कापलेली प्लायवूडची पेटी, एवढ्यावर भागवलं जातं.

ईकोसारख्या बंद गाडीत काचा लावल्या की खालच्या सुरांना गाडीचं पोटच उचलून धरतं. ३० हर्ट्झच्या आसपास दहा डेसिबल किंवा जास्तही मिळून जातात. तोच वूफर पिकअपच्या उघड्या हौद्यात ठेवला की ही देणगी शून्य, आणि वर अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी. केबिनमध्ये ऐकून पसंत केलेली सिस्टिम हळदीच्या मांडवात ‘वाजतच नाही’ त्याचं कारण हे आहे. ते १० डेसिबल ओम उतरवून भरून काढायचे तर दहा पट वॅट लागतील. त्या कामाला गाडीचा वूफर योग्यच नाही. तिथे १५ किंवा १८ इंची बेसची मोठी पेटी, २३० व्होल्टवरचा अॅम्प्ली आणि जनरेटर, हीच डीजेवाल्यांची पद्धत बरोबर आहे.

आणि एवढा आवाज हवा का, हेही या प्रश्नाच्या बाहेरचं नाही. ध्वनिप्रदूषण नियम २०००प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे आणि रात्री १० ते सकाळी ६ ही रात्र. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६मध्ये या नियमांच्या अंमलबजावणीबद्दल सविस्तर आदेश दिले. पण बेसच्या बाबतीत एक अडचण राहते. हे मोजमाप ‘ए’ पट्टीवर होतं आणि ती पट्टी ४० हर्ट्झवर सुमारे ३५ डेसिबल वजा करते. खरा ११० डेसिबलचा ठोका मीटरवर ७५ दिसतो. शेजारच्या घरातली भांडी वाजत असतात, झोपलेलं पोर दचकून उठतं, आणि मीटरवरचा आकडा तेवढा भयंकर वाटत नाही. उलट कानाच्या हिशेबात तीन डेसिबल फार मोठे आहेत. कामगारांसाठीच्या शिफारशीत ८५ला आठ तास सुरक्षित धरले जातात आणि पुढच्या प्रत्येक ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. ओम निम्मा करून मिळालेली वाढ, जी जेमतेम जाणवते, ती चालकाच्या कानाची मुदत मात्र निम्मी करू शकते. दिवसाचे दहा तास केबिनमध्ये बसणाऱ्या माणसाला हे कुणी सांगत नाही.

मग पिकअप किंवा ईको घेऊन दुकानात आलेल्याने काय करावं? मी एकच १२ इंची, चांगल्या संवेदनशीलतेचा, ४+४ ओमचा वूफर सुचवेन, पॅरलल करून २ ओमवर, आणि २ ओमला ४००–५०० खरे वॅट देणारा डी क्लासचा मोनो अॅम्प्ली. त्याला चाळीस-पंचेचाळीस अॅम्पिअर लागतील, जे चालत्या गाडीचा अल्टरनेटर लाइट लावूनही सोसू शकतो. तांब्याची १६ किंवा २५ चौरस मिलिमीटरची तार, बॅटरीजवळ ६० अॅम्पिअरचा फ्यूज, खरवडून आवळलेला अर्थ, आणि वूफरच्या कागदावरच्या आकड्यांप्रमाणे कापलेली १८ मिलिमीटर प्लायची पेटी. १ ओमचा अॅम्प्ली आणि दुसरी बॅटरी यांत जाणारे पैसे वाचतात, त्यांतला काही भाग पेटी करणाऱ्या सुताराला द्यावा. बसवून झाल्यावर इंजिन चालू ठेवून, गाणं जोरात लावून अॅम्प्लीच्याच टर्मिनलवर मल्टिमीटर धरायचा. ठोक्याला आकडा १३च्या खाली जात नसेल तर काम नीट झालं. जात असेल तर आधी अर्थ उघडून पाहायचा, मग फ्यूजचा होल्डर, मग बॅटरीचे लग, आणि वूफरच्या जोडणीला सगळ्यात शेवटी हात लावायचा.